८ बाय ४२ दुर्बीण, दोन हिवाळे वापरून: करंजावरच्या पाहुण्यासाठी घेतली होती

दुर्बीण घेऊन दोन हिवाळे झाले. आता पाऊस लागलाय, झाडावरचा पाहुणा, म्हणजे हिवाळ्यात येणारा एक इवलासा पक्षी, एप्रिलातच गेला, दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात जाऊन बसलीये, म्हणून निवांत लिहायला बसलेय. घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले त्यातले निम्मे डबा उघडला त्याच दिवशी लिहिलेले होते, पट्टा छान आहे, पाउच छान आहे, डिलिव्हरी वेळेत आली, आणि मला जे हवं होतं ते त्यात कुठेच नव्हतं. मला एवढंच कळायला हवं होतं की पानांनी गच्च भरलेल्या झाडात, सावलीत, दोन सेकंदही एका जागी न थांबणारा अंगठ्याएवढा पक्षी यातून सापडतो का, आणि सापडलाच तर त्याच्या पंखावरची बारीक रेघ दिसते का. दोन्हीचं उत्तर हो आहे, पण ते हो म्हणायला मला बरेच दिवस लागले.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. वस्तू चांगली निघाली आणि सर्व्हिसचा अनुभव वाईट आला, आणि एकटीच्या एका अनुभवावरून कुणाचं नाव खराब करावं असं मला वाटत नाही. तसंही या मापाची, साधारण याच किमतीची दुर्बीण चार-पाच कंपन्यांची मिळते, मी लिहितेय ते त्या सगळ्यांना बऱ्यापैकी लागू पडेल. मला १६,४०० ला पडली, पुण्यातल्या दुकानात जाऊन, हातात घेऊन, रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचून बघून घेतली. ऑनलाइन हजारभर रुपये कमी होते पण ही वस्तू डोळ्याला लावून बघितल्याशिवाय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, विशेषतः चष्मा असेल तर.

आता पाहुण्याबद्दल. पर्णवटवट्या, त्यातला हिरवट, पक्षी बघणारी सगळी मंडळी ग्रीनिश वार्बलरच म्हणतात. लांबी जेमतेम १० सेंटीमीटर, वजन ७-८ ग्रॅम, म्हणजे चिमणीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. वरून शेवाळी हिरवा, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर एक लांब फिकट भुवई, पंखावर एक बारीक पांढरट रेघ आणि ती रेघही पिसं झिजली की पुसट होते. नर-मादी सारखेच दिसतात. रंग नाही, तुरा नाही, लांब शेपटी नाही, त्यामुळे याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही आणि टाकला तरी खाली 'आयडी प्लीज' एवढंच येतं. पण सप्टेंबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत पुण्यात जिथे म्हणून जुनं मोठं झाड आहे तिथे हा असतो. एम्प्रेस गार्डन, वेताळ टेकडी, विद्यापीठाचा परिसर, नदीकाठची झाडं हे तर झालंच, पण साध्या सोसायटीच्या मागचा करंज, रस्त्यावरचा रेन ट्री, शाळेच्या आवारातला कडुनिंब, इथेही. तुम्ही त्याला ऐकलंय, शंभर टक्के ऐकलंय, फक्त लक्ष दिलं नाहीये. 'चिस्ली', 'चिस्ली', दोन तुकड्यांचा, धारदार, ओला आवाज, दिवसभर मधूनमधून. मीही अकरा वर्षं याच घरात राहून तो आवाज चिमणीचा समजत होते.

कळलं कसं तर एकदा सकाळी गच्चीत कपडे वाळत घालताना चिमण्या सगळ्या खाली पार्किंगमध्ये दाणे टिपत होत्या आणि आवाज मात्र वर करंजातून येत होता. बघत बसले, वीस मिनिटं, मान दुखून आली, पान हलताना दिसायचं आणि तिथे नजर जाईपर्यंत दुसरंच पान हलायचं. त्या आठवड्यात ठरवलं दुर्बीण घ्यायची.

आणि इथेच पहिली खरेदीची गोष्ट. सगळे सांगतात १० बाय ४२ घे, जास्त मोठं दिसतं. माझ्या मैत्रिणीकडे तीच आहे, ती पाणथळीवर जाते, उजनी धरणावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाते, तिला लांबचं लागतं, तिच्यासाठी ती बरोबर आहे. मी तिची आठ दिवस आणून वापरली आणि वटवट्याच्या बाबतीत पूर्ण हरले. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पट मोठं दिसतं तसा हातही १० पट थरथरतो, दिसणारा तुकडा लहान होतो आणि त्या लहान तुकड्यात हा पक्षी थांबतच नाही. ८ पटीत झाडाचा मोठा भाग एकदम डोळ्यासमोर येतो, फोकसही जरा मागेपुढे झाला तरी चालतो, त्यामुळे तो एका डहाळीवरून दुसरीवर उडाला तरी बऱ्याचदा दुर्बीण न हलवता सापडतो. शिवाय ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात, डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत एवढा जाड असतो, १० मध्ये तो ४.२ होतो. ऐन उन्हात याने काही फरक पडत नाही पण डिसेंबरात सव्वासातला करंजाच्या आतल्या अंधारात पडतो, आणि हा पक्षी नेमका तिथेच असतो.

माझ्या दुर्बिणीतून हजार मीटरवर १४० मीटर रुंदीचं दिसतं, खोक्यावर लिहिलेलं असतं ते बघून घ्या, झाडातले पक्षी बघणार असाल तर १२५ च्या खालची घेऊ नका. जवळचा फोकस दोन मीटरपर्यंत येतो. फोकसचं चाक गुळगुळीत आहे, अर्ध्या फेऱ्यात जवळच्या फांदीवरून समोरच्या इमारतीवर जातं, याला मी सगळ्यात जास्त मार्क देईन. दुकानात दुसऱ्या एका महागड्या दुर्बिणीचं चाक इतकं जड होतं की पक्षी तोवर सोसायटी सोडून गेला असता. चष्मा लावून बघता येतं, पूर्ण गोल दिसतो, कडा कापल्या जात नाहीत. वजन ६४० ग्रॅम. म्हणजे साधारण ऐंशी-नव्वद वटवटे गळ्यात घालून फिरल्यासारखं, अर्ध्या तासाने मान बोलायला लागते, मी कंपनीचा पट्टा काढून खांद्यावरून येणारा हार्नेस लावला, ४५० रुपयांचा, तो पहिल्या दिवशीच घ्या.

काचेतली एक उणीव सांगायलाच हवी. उजळ पांढऱ्या आभाळावर काळी फांदी बघितली की कडेला जांभळट झालर दिसते. महागाच्या काचेत ती कमी असते, या किमतीत येणारच. एरवी त्रास नाही पण वटवट्याच्या पंखावरची रेघ आभाळाच्या पार्श्वभूमीवर बघायला गेलात तर फसगत होते, मी पहिल्या महिन्यात एका रेघेच्या दोन मोजल्या आणि त्याला ह्यूमचा वटवट्या ठरवून टाकलं, ज्याला खरंच दोन रेघा असतात. उपाय साधा आहे, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि पक्षी पानाच्या पुढे येईपर्यंत थांबायचं.

ही ओळखीची भानगड काय असते ते थोडं सांगते, कारण दुर्बिणीचा कस तिथेच लागतो. पर्णवटवट्यांच्या अनेक जाती हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि लांबून सगळ्या एकच. डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा दिसला तर तो वेस्टर्न क्राउन्ड, त्याला घाटातलं दाट रान लागतं. पोट पिवळसर आणि झाडाच्या खोडावर किंवा टेकडीच्या खडकावर सरपटल्यासारखा फिरणारा तो वेगळा. चोच जास्त लांब सडपातळ आणि पंखावर रेघच नाही तो टिटलरचा, काश्मीरकडून येणारा. आणि आपल्या हिरवटासारखाच पण अंगावर पिवळेपणा जास्त, तो कॉकेशसच्या डोंगराकडून येतो आणि सह्याद्रीत उतरतो. हे सगळं पुस्तकात वाचून येत नाही. मला आलं ते एका सकाळी, डिसेंबरात, करंजाच्या खालच्या फांदीवर तो माझ्यापासून पाच-सहा मीटरवर आला तेव्हा. पान उलटं धरून बघावं तसं तो पानाच्या खाली लटकला, एका जागी पंख फडफडवत क्षणभर हवेत थांबला, पानाच्या शिरेला चिकटलेली हिरवी अळी उचलली, फांदीवर दोनदा आपटली आणि गिळली. त्या दोन-तीन सेकंदांत मला खालच्या चोचीचा नारिंगी रंग दिसला, भुवई चोचीच्या मुळापर्यंत जाते ते दिसलं, पंख मिटताना ती एकच रेघ दिसली, आणि डोळ्यात आभाळाचा एक पांढरा ठिपका. मग 'चिस्ली' म्हणून तो आत गेला. दुर्बिणीचे पैसे माझ्यापुरते तिथे वसूल झाले.

याचं शास्त्रीय नावही अगदी बरोबर ठेवलंय, फिलोस्कोपस, म्हणजे पानं न्याहाळणारा. दिवसभर तो दुसरं काही करतच नाही. पानावरचे मावे, अळ्या, बारीक माश्या, कोळी. एका झाडात असे किती पानांचे पृष्ठभाग तो दिवसात तपासत असेल याचा विचार केला की चकित व्हायला होतं.

आता हा येतो कुठून. हिमालयातही वीण करतो, पण आपल्याकडे येणाऱ्यांतले बरेच त्याच्याही पलीकडून, थेट सायबेरियाच्या पश्चिमेकडच्या रानांतून आणि पार पूर्व युरोपपर्यंतच्या पट्ट्यातून येतात. तिथे उन्हाळ्यात जमिनीवर, उतारावर, मुळांच्या बेचक्यात शेवाळ-गवताचं गोल घुमट घरटं, बाजूने दार. नकाशावर पट्टी ठेवून बघा, सायबेरियातलं तोम्स्क शहर ते पुणे सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या वर भरतं, आणि हे सात-आठ ग्रॅम ते अंतर रात्री उडून, दिवसा कुठेतरी उतरून खाऊन पार करतात. दरवर्षी, जाऊन-येऊन. मी हे आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "अगं, आणि आपण त्याला चिमणी म्हणत होतो."

याची आणखी एक गोष्ट आहे ती मला सगळ्यात जास्त आवडते आणि ती कुणालाही सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिबेटचं पठार उघडंबोडकं, तिथे झाडं नाहीत, त्यामुळे हा पक्षी त्या पठाराभोवतीच्या रानांत बांगडीसारखा पसरलाय. दक्षिणेला हिमालय, तिथून एक फाटा पश्चिमेकडून मध्य आशियातून वर सायबेरियात, दुसरा पूर्वेकडून चीनमधून वर सायबेरियात. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसंच यांच्या गाण्याचं झालंय. हिमालयात गाणं आखूड आणि साधं, जसजसं उत्तरेला जावं तसतसं लांब आणि गुंतागुंतीचं, पण पश्चिमेच्या फाट्यावर एका वळणाने आणि पूर्वेच्या फाट्यावर दुसऱ्याच वळणाने. शेजारच्या गावचं शेजारच्याला कळतं, कुठेही एकदम तुटत नाही. पण बांगडीची दोन टोकं मध्य सायबेरियात एकमेकांना भेटतात तिथे एकाचं गाणं दुसऱ्याला आपलं वाटत नाही, दोघं एकाच रानात राहतात आणि जोडी सहसा लावत नाहीत. पूर्वेकडच्याच्या पंखावर दोन ठळक रेघा असतात. पक्ष्यांचे अभ्यासक क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये ही बांगडीची कल्पना मांडली होती, आणि २००१ मध्ये डॅरेन अर्विन, स्टाफन बेन्श आणि ट्रेव्हर प्राइस यांनी गाणी रेकॉर्ड करून, ती पक्ष्यांना ऐकवून, सोबत जनुकं तपासून ते दाखवलं. नंतर २०१४ च्या अभ्यासात जनुकांमध्ये असंही दिसलं की ही बांगडी पूर्वी काही ठिकाणी तुटून पुन्हा जुळलेली असावी आणि टोकांवर थोडीफार सरमिसळही झालीये, म्हणजे चित्र पुस्तकात छापतात तेवढं गुळगुळीत नाही. मला तर त्यामुळे ते जास्तच खरं वाटतं. एका जातीच्या दोन कशा होतात हे सहसा काळात मागे जाऊन अंदाजाने सांगावं लागतं, इथे ते जमिनीवर पसरलेलं चालत जाऊन बघता येतं. आणि त्या बांगडीच्या पश्चिम बाजूचा एक मणी माझ्या गच्चीसमोरच्या करंजात येऊन अळ्या खातो.

तर परत दुर्बिणीकडे, कारण आता तक्रारीची पाळी आहे. चौथ्या महिन्यात, जानेवारीच्या मध्याला, डाव्या डोळ्याकडची फिरवून वर काढायची रबरी वाटी सैल झाली. आधी नुसती हलायची, मग फिरवली की हातात यायची. वॉरंटी होती म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कुरिअरने पाठवली, कुरिअरचा खर्च माझा. पहिल्या आठवड्यात मेल आलं, मिळाली म्हणून. त्यानंतर सहा आठवडे काही नाही. फोन लावला की 'पार्ट आलेला नाही', मेलला उत्तर नाही, किती दिवस लागतील हे एकदाही कुणी सांगितलं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत आली, दुरुस्ती उत्तम केलेली, त्यानंतर आजवर काही झालेलं नाही, पण हिवाळ्यातला जो काळ मला हवा होता तो गेला तो गेलाच. ज्या पाहुण्याचा मुक्काम सहा-सात महिन्यांचा त्यातले सात आठवडे म्हणजे थोडेथोडके नाहीत. घ्यायच्या आधी दुकानदाराला हे नक्की विचारा की दुरुस्ती शहरात होते की बाहेर पाठवावी लागते, मी विचारलं नव्हतं.

पण त्या सात आठवड्यांत एक झालं ते लिहायलाच पाहिजे. दुर्बीण नव्हती तर मी रोज सकाळी चहा घेऊन गच्चीत बसून नुसतं ऐकायला लागले, आणि सोसायटीचा नकाशा कागदावर काढून जिथून आवाज आला तिथे टिंब देत गेले. तीन आठवड्यांनी कागदावर टिंबांचे तीन पुंजके उभे राहिले, एक करंज आणि त्याला लागून असलेला शेवगा, दुसरा गेटजवळचा रेन ट्री, तिसरा रस्त्यापलीकडच्या शाळेतल्या कडुनिंबाच्या रांगेत. पुंजक्यांच्या मध्ये जवळजवळ टिंबच नाहीत, अपवाद मधल्या बहाव्याचा, तिथे दोन्हीकडची टिंबं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे पक्षी हिवाळ्यातही आपापली हद्द राखतात, एकेकटे, जोडीने नाही, आणि तो दिवसभराचा 'चिस्ली' म्हणजे ही जागा माझी एवढंच सांगणं. ट्रेव्हर प्राइस यांनी १९८१ मध्येच यांच्या हिवाळी मुक्कामावर लिहिलंय. पण मला ते माझ्या कागदावर आधी दिसलं होतं, त्याचं अप्रूप अजून गेलेलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात त्या बहाव्यावर मी दुर्बिणीतून दोघांची जुंपलेली बघितली, पंख खाली पाडून थरथरवत, एकमेकांच्या दिशेने फांदीवर सरकत, आवाज इतका भरभर की 'चिस्ली' मधलं 'ली' गळून पडलं, मग एक गेटकडे आणि एक करंजाकडे.

दुसऱ्या वर्षी करंजावर आला तो तोच होता का हे मी सांगू शकत नाही, पायात कडं नाही, ओळखीची खूण नाही. पण त्याच झाडावर, तशीच शेवग्यापर्यंतची हद्द धरून, २८ सप्टेंबरला सकाळी आवाज आला. पहिल्या वर्षी मी तारीख लिहिली नव्हती याची फार चुटपुट लागली.

काकांबद्दल लिहिते आणि मग वापराच्या बारीकसारीक गोष्टी. काका ७६ वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले, कानाने बरंच कमी ऐकू येतं आणि त्यातही बारीक उंच आवाज अजिबात येत नाहीत, वयाने आधी तेच जातात. मी म्हणायची, काका ऐका, आता बोलला, आणि ते मान हलवायचे पण मला कळायचं की त्यांना काही ऐकू आलेलं नाही. दुसऱ्या वर्षी जानेवारीत एकदा त्यांच्या हातात दुर्बीण दिली, दोन नळ्यांमधलं अंतर त्यांच्या डोळ्यांना जुळवून दिलं, उजव्या डोळ्याकडची छोटी रिंग फिरवून त्यांचा नंबर बसवून दिला, हे फार जण करतच नाहीत आणि मग दुर्बीण खराब आहे म्हणतात. म्हटलं, "काका, ती वाळकी फांदी दिसते ना, तिच्या डाव्या हाताला बघा, हलू नका." बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "आहे, आहे. केवढासा आहे अगं." आणि थोड्या वेळाने, दुर्बीण न काढता, एकदम हळू आवाजात, "चोच उघडतोय. आत्ता उघडली. परत. बोलतोय ना तो?" बोलतच होता. मला ऐकू येत होतं, त्यांना दिसत होतं. त्यांचे हात थरथरतात म्हणून मी खुर्ची कठड्याला लावून दिली, कोपर टेकून ते चाळीस मिनिटं बघत बसले, काकू दोनदा जेवायला बोलावून गेल्या. १० पटीची असती तर त्यांच्या हातात ती स्थिर राहिलीच नसती, हे मी वयस्कर माणसांसाठी दुर्बीण घेणाऱ्यांना आवर्जून सांगते.

बारीकसारीक. पावसाळ्यात काचेला बुरशी लागते, नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ असली तरी बाहेरून लागतेच, त्यामुळे जूनमध्ये हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की गरम करून परत टाका, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून हात फिरवा. काच ओढणीने किंवा रुमालाने पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच मऊ कापड, पुण्याची धूळ म्हणजे बारीक खडीच आहे, चरे पडतात. ती उजवी रिंग माझ्या दुर्बिणीत आपोआप फिरते, पाउचमध्ये घासून, मी बरोबर जागेवर पांढऱ्या नेलपॉलिशचं टिंब दिलंय. पुढची झाकणं सैल आहेत, एक हरवलं, मिळत नाही. पाउच फाटलं. हे सगळं मिळून मी ५ पैकी ४ देईन, एक गेला तो निम्मा सर्व्हिसचा आणि निम्मा त्या जांभळ्या झालरीचा.

कुणी घ्यावी? जंगल सफारीत जीपमधून वर्षातून एकदा बघायची असेल तर एवढे पैसे घालू नका, भाड्याने मिळते. घराजवळ एक तरी मोठं झाड असेल आणि सकाळची वीस मिनिटं देता येत असतील तर डोळे झाकून घ्या. आणि एक विनंती, मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावू नका. त्याला वाटतं दुसरा कुणी हद्दीत घुसलाय, तो खाणं सोडून भांडायला येतो, आणि ज्याला वसंतात चार हजार किलोमीटर उडायचंय त्याच्या पोटातली एकेक अळी महत्त्वाची आहे. दहा मिनिटं थांबा, येतोच.

या वर्षी मार्चअखेरीस तो करंजावर गायला लागला होता, पूर्ण नाही, 'चिस्ली' म्हणता म्हणता मधेच एक भरभर उलगडणारी लड, घसा मोकळा करत असल्यासारखी, आणि मग परत गप्प. सायबेरियात तो हे पूर्ण गाणार. कडुनिंबाला नवी पालवी फुटलेली, शाळेतला शेवटचा आवाज मी ११ एप्रिलला लिहिलाय, करंजावरचा १७ ला. १८ ला काका सकाळीच गच्चीत येऊन बसले होते, मी वर गेले तर म्हणाले, "गेला वाटतं गं." त्यांना कसं कळलं विचारलं तर म्हणाले, पानं हलत नाहीयेत.

दुर्बीण २० सप्टेंबरला डब्यातून काढायची असं ठरलंय आणि पहिले दोन दिवस ती काकांकडे राहणार आहे.